काळ्यानं कोणाचं घोडं मारलं?

अकोल्यात उन्हाळा सगळ्यांना सारखाच तापतो, यावर माझ्या सासऱ्यांचा अखेरपर्यंत विश्वास बसला नाही. शेजाऱ्याच्या फरशीवर अनवाणी उभं राहून ते खात्री करून घेत. उभी हयात जिनिंग कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर गेलेली, त्यामुळे जगातली प्रत्येक वस्तू कोणीतरी बोट लावून तोलली आहे, अशी त्यांची पक्की समजूत. दूधवाल्याला आधी त्याचंच दूध प्यायला लावत. लग्नात मी नमस्काराला वाकलो, तर माझ्या वडिलांनाच विचारलं, "पोरगा येवढा वाकून काहून राहिला?"

बुद्धिबळावर त्यांचा जीव होता आणि राग त्याहून अधिक. "पांढरा पह्यले चालते. काहून? काळ्यानं कोनाचं घोडं मारलं?" त्यांच्या तोडीचा खेळगडी एकच, अकोल्याच्या तारघरातले तारमास्तर. रोज संध्याकाळी डाव पडे. एकदा सासरे पाणी प्यायला उठले आणि परतल्यावर त्यांना एक प्यादं सरकलेलं दिसलं. निदान तसं वाटलं. "तुमचे हात तारेवरच बरे," असं ते चारचौघांत बोलून गेले. तारमास्तर डाव अर्धा टाकून उठले. पुढे त्यांची बदली आमच्या अमरावतीला झाली आणि बोलणं कायमचं तुटलं.

खेळायला कोणी उरलं नाही, तेव्हा सासऱ्यांनी खेळच सुधारायला घेतला. प्यादी जागेवर ठेवायची, पण मागची ओळ मोडून नवी मांडायची. अशी, की पहिल्या चालीचा पांढऱ्याला मिळणारा फायदा काळ्याला मांडणीतच भरून मिळावा. दोन उंट एकाच रंगाच्या घरात नकोत, एकही प्यादं बिनराखणीचं नको. काळ्याचे हत्ती मध्ये आणले की काळा जड वाटे, त्याचा वजीर कोपऱ्यात नेला की पांढरा. सासूबाई म्हणत, "उंट पाटावरून उचला, मंग भाकर वाढतो." स्वतःशीच खेळून पाहिलं तर समोरच्यावर, म्हणजे स्वतःवरच, संशय येई. शेवटी एका सकाळी ते पट काखोटीला मारून अमरावतीजवळच्या बडनेरा स्टेशनवर उतरले आणि तिथून थेट माझ्या घरी. "बरोबरीचा मानूस नसन, तर बरोबरीचा डाव समजन कसा? चला जावईबापू, त्याच्याकडे."

दार उघडेल की नाही, याची मलाच धास्ती होती. तारमास्तरांनी उघडलं, आम्हाला न्याहाळलं आणि म्हणाले, "या. पानी पेता, का पह्यले मोहरे मोजता?"

सासऱ्यांनी नियम सांगितला, "मांडनार मी, बाजू निवडनार तुमी." तारमास्तरांनी काळी निवडली. "काळीच काहून?" काळ्यात काहीतरी जास्त पडलंय, अशा संशयानं सासऱ्यांनी पांढऱ्याचा घोडा मध्ये आणला. तारमास्तरांनी पांढरी घेतली. "आता पांढरी काहून?" पुन्हा मोडामोड. चहा निवला, ऊन भिंतीवरून उतरलं, पण एक प्यादं हललं नाही. शेवटी तारमास्तरांनी हात मांडीवर ठेवले.

"मी निवडतच नाही. तुमी द्यान तो रंग घेतो."

आपल्या काट्याकडे न बघता माल उचलणारा माणूस सासऱ्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी पट फिरवला आणि काळी बाजू तारमास्तरांपुढे केली. सासरे हरले. परतताना स्टेशनवर मला म्हणाले, "काळी बरी होती. मले ठाव होतं." माफी त्यांनी मागितली नाही, पण दर महिन्याला अमरावतीची वारी सुरू झाली.

पुढे सासऱ्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. डॉक्टरच्या सुरीवर विश्वास नाही, म्हणून शस्त्रक्रिया नाही. मग तारमास्तरच अकोल्याला येऊ लागले. आपली चाल मोठ्यानं सांगत, सासऱ्यांची चाल ऐकत आणि दोघांचे मोहरे स्वतःच हलवत. सासरे समोर मान थोडी कलती करून बसत. आणि आश्चर्य म्हणजे, ते जिंकू लागले. डावामागून डाव जिंकू लागले.

एकदा मी अकोल्याला मुक्कामी असताना तारमास्तरांना टांग्यात बसवून परत ओसरीवर आलो. सासरे पटावरून बोटं फिरवत कुठला मोहरा कुठे आहे ते चाचपत होते.

"जावईबापू, हा मानूस जानून हरते," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"मग त्यांना बोलत का नाही?"

त्यांनी राजा सापडेपर्यंत बोटं फिरवली.

"बोललो, तर येनार नाही."