बाई रावसाहेबांचा पेपर

फोन बबनभाऊंचा होता. बबनभाऊ म्हणजे आमच्या कालव्याचे पाटकरी. कालव्याची दारं उघडायची, मिटायची, कुणाची पाळी झाली, कुणाची राहिली ते बघायचं, यात त्यांची उभी नोकरी गेली. एरवी त्यांचा आवाज या काठावरून त्या काठावर सहज पोचणारा. त्या सकाळी मात्र मलाच सारखं "हॅलो, हॅलो" करावं लागलं. "बाई, आपल्या बाई रावसाहेब गेल्या..." एवढं म्हणाले. मग पुढं म्हणाले, "चहा घेतला, पेपर वाचला, अन् बसल्या जागी... कुनाला तरास न्हाई." विमल रोकडे कुणाला त्रास न देता गेली, हे पटायला मला जरा वेळ लागला. हयातभर तिनं कालव्यावरच्या सगळ्या गावांना आणि एका गणिताच्या शिक्षिकेला मनसोक्त त्रास दिला होता. ती शिक्षिका म्हणजे मी.

आमच्या जुन्नर-आंबेगावकडे पाटबंधारे खात्यातल्या कनिष्ठ अभियंत्याला लोक जुन्या सवयीनं 'रावसाहेब' म्हणतात. नव्वदच्या दशकात विमल बदलून आमच्याकडे आली तेव्हा गावापुढे मोठाच पेच पडला. मॅडम म्हणावं तर हुद्दा कमी केल्यासारखं होतं, आणि नुसतं रावसाहेब म्हणावं तर समोर साडी नेसलेली, पायात कॅनव्हासचे बूट घातलेली बाई. शेवटी बबनभाऊंनीच 'बाई रावसाहेब' अशी तोड काढली आणि ती कायमची चिकटली. विमल मूळची ओतूरची, प्राथमिक शिक्षकाची मुलगी. मागं भावंडं होती, म्हणून दहावीनंतर तिनं इंजिनिअरिंगच्या पदवीचा नाद न धरता तंत्रनिकेतनातून पदविका घेतली, कारण नोकरी लवकर लागत होती. वारूळवाडीत एका घराचे दोन भाग भाड्यानं दिलेले होते. एकात मी राहायचे. माझे यजमान पुण्याला नोकरीला आणि मी नारायणगावच्या शाळेत. दुसऱ्या भागात विमल आली. मध्ये एक भिंत, तीही अशी की पलीकडच्या फोडणीत लसूण आहे की नाही ते इकडे कळावं. लग्नाचं कुणी विचारलं तर ती म्हणायची, "आवर्तन संपू दे, मग बघू." कालव्याला ठरावीक दिवस पाणी सुटतं त्याला आवर्तन म्हणतात, आणि तिचं एक आवर्तन संपेपर्यंत दुसऱ्याची तयारी सुरू झालेली असायची.

तिची एक इच्छा होती, आणि ती तिनं कधी लपवली नाही. तिला उपअभियंता व्हायचं होतं. सरकारी अभियंत्यांच्या बढतीचं गणित बाहेरच्या माणसाला सांगायचं तर असं : पदवीवाल्यांची रांग वेगळी आणि आखूड, पदविकावाल्यांची वेगळी आणि लांबच लांब. त्या लांब रांगेतून बाहेर पडायची एकच वाट होती. नोकरी सांभाळून, घरच्या घरी अभ्यास करून पदवीच्या तोडीची मानलेली परीक्षा द्यायची. तोवर काय व्हायचं, तर पदवी घेतलेली कोवळी पोरं खात्यात यायची, विमलच्या मागं मागं कालव्यावर हिंडून काम शिकायची आणि पुढे काही वर्षांत तिचेच साहेब होऊन परत यायची. मला भारी राग यायचा. मी म्हणायचे, "हा कसला नियम? मोर्चा काढा." ती शांतपणे म्हणायची, "नियमात काय वाईट आहे गं? मला डिफरन्शिअल इक्वेशन येत नाहीत हे खरंच आहे की." मग खुर्ची हवी तरी कशाला, असं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. "खुर्ची कुणाला हवीय? पाणी कुठून कुठं द्यायचं, त्या कागदावर उपअभियंत्याची सही लागते. मला एकदा कालवा शेवटाकडून भिजवायचाय."

हे 'शेवटाकडून' काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. आमच्याकडे पाणी सुटलं की वरच्या गावांपासून द्यायला सुरुवात व्हायची. वारूळवाडीकरांचं पोटभर झालं की खाली, मग आणखी खाली... आणि अगदी टोकाला पिंपळमळा नावाचं गाव, तिथं पाणी पोचायचंच नाही. कालवा बांधताना त्या गावाची जमीन गेली होती, चारी, म्हणजे कालव्यातून शेतांकडे जाणारा छोटा पाट, खणून दिली होती, चारीच्या तोंडाशी पाणी मोजायचा दगडही रोवला होता. दगड कोरडा ठणठणीत. पोरं त्याचा स्टंप करून क्रिकेट खेळायची. विमल दर वर्षी प्रस्ताव पाठवायची की यंदा पिंपळमळ्यापासून सुरुवात करू या. दर वर्षी वरून उत्तर यायचं, तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही, टेलपर्यंत, म्हणजे टोकापर्यंत, पाणी पोचत नाही. न पोचण्याची कारणं विमलला तोंडपाठ होती. ती बोटांवर मोजून सांगायची, "गळती, बाष्पीभवन आणि तात्या." तात्या म्हणजे वारूळवाडीतले मोठे बागायतदार. माणूस दिलदार, पण कालव्यात पाइप टाकून मोटर चालू केल्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. आणि ते एकटे थोडेच होते. पाळी असो नसो, वरचं प्रत्येक गाव हात मारायचं. त्यामुळे विमल धरणावरून पाणी सोडवतानाच ही चोरी गृहीत धरून चार बोटं जास्त मागायची. तिच्या आधीचे रावसाहेबही तेच करायचे. कालव्यावरची ती रीतच होती.

परीक्षेचे सगळे विषय तिनं एकेक करून काढले. राहिलं फक्त गणित. एक तर ते तिला खरंच जड जायचं, आणि दुसरं म्हणजे पेपर ऐन उन्हाळ्यात, पुण्यात. उन्हाळ्यात आवर्तन चालू असतं आणि आवर्तनात कुणालाही रजा मिळत नाही. पेपर यायचा आणि जायचा, बाई रावसाहेब कालव्यावर भांडणं सोडवत उभ्या. तरी अभ्यास चालूच असायचा. शाळेतून आले की मी तिला उदाहरणं घालून द्यायचे आणि माझ्या स्वयंपाकाला लागायचे. उदाहरण सुटलं की ती लाकडी फूटपट्टीनं भिंतीवर दोनदा ठोकायची. ठक् ठक्. सुटलं नाही तर शांतता. सुरुवातीला मी कितीतरी भाकरी त्या शांततेत भाजल्या. एकदा न राहवून मीच पलीकडे गेले, तर ही वहीवर डोकं ठेवून हसतेय. म्हणाली, "बाई, माझं उत्तर उणे आलंय. म्हणजे पाणी कालव्यातून परत धरणात चाललंय."

एका वर्षी मात्र साहेब विरघळले. तेही तिच्या हाताखाली शिकून गेलेले, वयानं लहान. म्हणाले, "एक दिवसाची रजा देतो मॅडम. पण कालव्यावर काही झालं तर जबाबदारी तुमची." ही बातमी बबनभाऊंनी चहाच्या टपरीवर सांगितली आणि तिथं तात्या बसलेले होते. पुढचं मला नंतर कळलं. तात्यांनी म्हणे कप खाली ठेवला आणि म्हणाले, "आपल्या बाईचा पेपर हाय. त्या दिशी कालव्यावं कुनी भांडान करायचं न्हाई. मी मोटर लावनार न्हाई. दुसऱ्या कुनी लावली तर माझ्याशी गाठ हाय." निरोप गावोगाव गेला. जाता जाता त्याला धारही चढली. एका गावानं ठरवलं मोटर नाही, दुसऱ्यानं ठरवलं आपली पाळी असली तरी दार उघडायचं नाही, उगीच बाईंच्या डोक्याला ताप नको. विमलला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. तिनं नेहमीसारखी चार बोटं जास्त सोडायला सांगितली, आणि आम्ही दोघी पहाटेच्या एसटीनं पुण्याला गेलो. तिची सोबत म्हणून मी शाळेत रजा टाकली होती. मंचर येईपर्यंत ती सूत्रं पुटपुटत होती. तिथं कांद्याच्या ट्रकांमध्ये एसटी अडकली, तेव्हा म्हणाली, "या ट्रकांसारखंच आहे बघ गणित. एकानं मागं घेतल्याशिवाय कुणीच सुटत नाही."

संध्याकाळी नारायणगावच्या स्टँडवर उतरलो तर बबनभाऊ उभे. चेहरा असा की हसावं की रडावं ते ठरलेलं नाही. त्यांनी आधी विचारलं, "पेपर कसा गेला?"

"बरा गेला. कालवा?"

"कालवा बी गेला, बाई रावसाहेब. लई लांब गेला. पार पिंपळमळ्याच्या हगाम्यात!"

त्या दिवशी पिंपळमळ्याची यात्रा होती आणि दुपारी हगामा, म्हणजे कुस्त्या. वर कुणीच पाणी घेतलं नव्हतं. सगळा कालवा, तात्यांसाठी धरलेल्या चार बोटांसकट, वाजतगाजत शेवटपर्यंत गेला, दगड बुडवून चारीबाहेर पडला आणि ओढ्याकाठच्या आखाड्यात शिरला. ऐन कुस्तीत पैलवानांच्या पायाखाली चिखल झाला, कोण कुठला ते ओळखू येईना, आणि पंचांनी सगळ्यांनाच बरोबरीत सोडवलं. विमल मटकन स्टँडच्या बाकावर बसली. मला वाटलं आता ही रडणार. कारण नोटीस आली, चौकशी लागली तर बढती तिथंच अडकणार. गणित सुटून उपयोग काय? पण ती म्हणाली, "म्हणजे पोचतं... बबनभाऊ, पाणी पोचतं!"

नोटीस आलीच. साहेब पाहणीला गेले तेव्हा पिंपळमळ्याचे लोक त्यांच्यावरच उलटले. एक म्हातारे तावातावानं म्हणाले, "इतक्या वर्सांत पैल्यांदा पानी आलं, अन् तुमी बाईला नोटीस देताय व्हय? पैलवानांची तक्रार न्हाई, आमची न्हाई, मंग तुमाला काय झालंय?" विमलनं खुलासा लिहिला तो मी वाचलाय. त्यात एकच कामाचं वाक्य होतं : 'त्या दिवशी कालव्यावर कोणीही पाणी चोरणार नाही, याची मला पूर्वकल्पना नव्हती.' साहेबांनी तो वाचला, दार लावून घेतलं आणि पोट धरून हसले. मग म्हणाले, "मॅडम, हे वर पाठवलं तर एरवी रोज चोरी होते हे मीच कबूल केल्यासारखं होईल." त्यांनी शेरा मारला, 'नुकसान नाही, प्रकरण बंद', आणि विषय संपला.

निकाल लागला त्या दिवशी तिनं शाळेत फोन केला नाही, घरी येऊन सांगितलंही नाही. मी पोळ्या लाटत होते आणि पलीकडून भिंतीवर आवाज आला. ठक् ठक्. मी लाटणं घेऊन धावले. काठावर पास झाली होती. त्या दिवशी ज्या दोघी भर ओसरीत गळ्यात पडून रडल्या, त्यातली जास्त रडणारी मी होते.

बढतीचा आदेश यायला पुढे बराच काळ गेला. पहिली काही वर्षं ती आंबेगावकडे होती, मग आमच्याच कालव्यावर उपअभियंता होऊन आली. आणि आल्या आल्या तिनं तो कागद काढला, स्वतःच्या सहीचा. आवर्तन पिंपळमळ्यापासून सुरू, वारूळवाडी शेवटी. तात्या तरातरा ऑफिसात गेले. मी नेमकी तिथंच डबा घेऊन बसलेले. "बाई रावसाहेब, आमी तुमच्या पेपरासाठी मोटारी बंद ठेवल्या, अन् तुमी आमालाच शेवटाला टाकता? ह्ये काय बरं व्हय?" विमलनं त्यांना चहा मागवला. "तात्या, पाणी पोचत नाही असं सगळं खातं म्हणत होतं. पोचतं, हे तुम्हीच दाखवलंत. आता मी तुमचं ऐकू नको का?" तात्या बराच वेळ बशीत फुंकर मारत बसले. मग उठताना मला म्हणाले, "बाई, तुमी हिला गनित शिकवलं न्हाई पायजे व्हतं."

ओतूरला तिच्या पुण्यानुमोदनाला बुद्धवंदना झाली तेव्हा पिंपळमळ्याची माणसं टेम्पो भरून आली होती. तात्याही होते, आता काठी टेकत. मला खरं तर एकच काळजी लागली होती. उन्हाळी आवर्तन जवळ आलं होतं. तिच्या जागी नवा अधिकारी आला होता, हुशार, चांगला पदवीवाला मुलगा. त्याला कुणीतरी सांगितलं की वरून पाणी देणं सोपं पडतं. सही आता त्याची होती. विमल गेली हे मी कसंबसं सोसत होते, पण तो दगड पुन्हा कोरडा पडला तर मला ते सोसलं नसतं.

मागच्या आठवड्यात पाणी सुटलं. बबनभाऊ निवृत्त झालेत, तरी मला घ्यायला आले. वाटेत म्हणाले, नव्या साहेबांनी वारूळवाडीत बैठक घेतली आणि सांगितलं, यंदा तुमच्यापासून सुरुवात करू. मग तात्या काठीवर उठून उभे राहिले. "आमचा नंबर शेवटी असतो, सायेब." साहेबांनी विचारलं, असं कुठल्या आदेशात आहे? तात्या म्हणाले, "आदेशाचं मला ठावं न्हाई. पेपर दिलाय त्याच्यासाठी आमच्या बाईनं."

आम्ही पिंपळमळ्याला पोचलो तेव्हा चारी कोरडी होती. उन्हात उभे राहिलो. मग कालव्याकडून आधी पाचोळा आला, त्याच्यामागं गढूळ फेस, आणि पाणी दगडाशी येऊन हळूहळू वर चढायला लागलं. बबनभाऊ उगीचच दुसरीकडे बघत डोळे पुसत होते. मी वाकले आणि ओल्या दगडावर बोटाच्या पेरानं दोनदा ठोकलं.