कोंडाबाईच्या मागची भिंत

माझ्या वडिलांना माणसापेक्षा माणसाच्या मागे काय आहे याचीच काळजी जास्त. गिऱ्हाईक फोटोला बसलं की ते त्याच्या तोंडाकडे एकदा बघायचे आणि त्याच्या मागे दहा वेळा. हैदराबादच्या कोठी भागात, पुस्तकांच्या दुकानांमागच्या गल्लीत, श्रीपती फोटोग्राफर म्हणून त्यांना सगळे ओळखायचे. देगलूरहून ते तरुणपणी हैदराबादला आले आणि इथलेच झाले.

स्टुडिओत आधी एक रंगवलेला पडदा होता. त्यावर कमान, फुलांची कुंडी आणि एक जिना. कितीतरी लग्नाळू मुली त्या जिन्यापुढे उभ्या राहिल्या आणि त्यांचे फोटो नांदेड-परभणीला स्थळांकडे गेले. बाबांना त्या जिन्याचा मनापासून राग. हा जिना कुठंच जात नाही, म्हणायचे. शेवटी त्यांनी पडदा गुंडाळून माळ्यावर टाकला आणि लोकांना फोटोसाठी बाहेर न्यायला सुरुवात केली.

मग शहरभर भिंती शोधणं आलं. भाजी आणायला गेलेला माणूस भिंत बघून रिकाम्या पिशवीनं परत यायचा. त्यांची एक वही होती. ‘नामपल्ली, स्टेशनमागे, हिरवं दार, सकाळी आठ ते साडेआठ, सावळ्या रंगाला उत्तम.’ ‘सिकंदराबाद, रेल्वे क्वार्टर, विटांची भिंत, फक्त थंडीत.’ माझ्या शाळेच्या फीची तारीख त्यांना कधी आठवली नाही, पण कुठल्या भिंतीवर ऊन किती वाजता येतं ते तोंडपाठ.

आई, म्हणजे कोंडाबाई, प्रत्येक वेळी त्यांच्याबरोबर. थर्माकोलचा पांढरा तक्ता घेऊन ती उन्हात उभी राहायची आणि त्यावरून उजेड गिऱ्हाइकाच्या तोंडावर पाडायची. गिऱ्हाईक सावलीत, आई उन्हात. वीस वर्षं हेच. शेकडो लोकांचे चेहरे तिनं उजळले, पण तिचा स्वतःचा एक धड फोटो घरात नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी बोलून दाखवलं की बाबांचं उत्तर ठरलेलं: तिच्यासाठी चांगली भिंत शोधतोय.

चौऱ्याण्णव साली आईच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. कोठीतल्याच डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं, की यात नजर कडेकडेनं जाते. आधी आजूबाजूचं दिसेनासं होतं, मधलं सगळ्यात शेवटी जातं. थेंब घालत राहा, गेलेलं परत येणार नाही. परत येताना रिक्षात आई बाबांना म्हणाली, “दिसतंय तोवर माझा एक फोटो काढा. मी कशी दिसते ते मला बघायचंय.”

दुसऱ्या दिवसापासून बाबा वही घेऊन निघाले. पण वहीतलं शहर जागेवर नव्हतं. नामपल्लीचं हिरवं दार जाऊन तिथं एसटीडी बूथचं शटर आलं होतं. विटांची भिंत एका थंड पेयाच्या कंपनीनं लालभडक रंगवली होती. बंजारा हिल्सचे खडक सुरुंग लावून फोडत होते, कुणाचे तरी बंगले उठायचे होते. बाबा घरी येऊन एकेक ओळ खोडायचे. तोवर कोठीत एका तासात रंगीत फोटो देणारं मशीन आलं होतं आणि गिऱ्हाइकं पाठीशी बर्फाच्या डोंगराचं पोस्टर मागायला लागली होती. त्याचंही त्यांना काही वाटेना. भिंत तेवढी हवी होती.

इकडे आई चौकटीला खांदा आपटायची. बाजूला ठेवलेला चहा तिला दिसायचा नाही, हात लागून सांडायचा. वर्ष गेलं. एक दिवस मी भडकले. म्हटलं, घरातल्या भिंतीपुढं बसवा आणि काढून टाका एकदाचा. बाबा वहीतून मान वर न करता म्हणाले, “सुमेधा, सगळ्या गावाला भिंती निवडून दिल्या. हिला कसलीही देऊ?” माझा राग काही गेला नाही.

पुढच्या थंडीत एका सकाळी ते धापा टाकत आले. नामपल्लीतच एका जुन्या घराच्या आतल्या अंगणातली भिंत त्यांना मिळाली होती. आईनं वांगी रंगाचं नारायणपेठी लुगडं नेसलं आणि आम्ही ऑटोनं गेलो. खरंच सुंदर भिंत. निळ्या चुन्याचे पोपडे सुटलेले, खाली आधीचा पोपटी, त्याखाली त्याच्याही आधीचा गुलाबी. घरमालकीण असलेल्या म्हाताऱ्या खालांनी स्टूल आणून दिलं आणि बाबांची घाई बघून दखनीत म्हणाल्या, “अम्मा कू आराम से बैठने देव मियाँ, धूप कहाँ भागी जारी?”

थर्माकोल मी धरला. पाच मिनिटांत माझे हात भरून आले. आई स्टुलावरून मलाच शिकवत होती, खाली धर, हनुवटीला उजेड लागू दे. बाबांनी सवयीनं मागे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि मग तिच्याकडे बघत राहिले. एरवी सगळ्यांना जरा हसा म्हणणारा माणूस त्या दिवशी ते म्हणायचं विसरला. आई आपणहून हसली.

चार दिवसांनी ते फोटो मोठा करून घेऊन आले. दुपारी आईला खिडकीशी बसवून तिच्या हातात दिला. तिनं तो अगदी जवळ धरला. नाक माझ्या आईचं आलंय, म्हणाली. केस किती पिकले, म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती खुशीत होती. बाबांना राहवेना.

“आणि भिंत?”

“कुठली भिंत?” आई म्हणाली.

कडेचं आधी जातं हे डॉक्टरांनी सांगितलेलं तेव्हा कुठं आमच्या डोक्यात शिरलं. बाबा रडायला लागले. मी त्यांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं, माझा सगळा राग तिथंच विरघळला. आईनं चाचपून त्यांचा हात धरला. फोटो त्यांच्याकडे दिला आणि म्हणाली, “हळूहळू सरकवा. मी बघते.”

बाबांनी तिच्या डोळ्यांसमोर फोटो धरला आणि डाव्या कडेपासून सरकवायला लागले. इथं निळा आहे. इथं चुना सुटून पोपटी निघालाय. ही एक चीर वरून खाली आलीय. आई प्रत्येक वेळी हौ म्हणत होती. उजव्या कोपऱ्यापर्यंत त्यांनी इंच न इंच भिंत दाखवली, आणि तिनं ती सगळी पाहिली.

“चांगली निवडलीत,” ती म्हणाली. “आता मधे आणा. मी अजून मला नीट बघितलं नाही.”