डाव्या भिंतीवरचा दांडा

वडिलांचे गुडघे गेले, तेव्हा दिघीतल्या आमच्या घरी कमोड बसवायला भोसरीहून एक प्लंबर आला होता. त्याचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पन्नाशीचा असेल. कानावर पेन्सिल, बोलणं कमी.

कमोड बसला. शेजारी धरायला स्टीलचा दांडा लावायचा होता. मी उजवी भिंत दाखवली. तो बाहेरच्या खोलीत गेला आणि वडिलांसमोर उकिडवा बसला.

"बाबा, खुर्चीतून जरा उठून दाखवा."

वडिलांना राग आला, पण ते उठले. त्यानं तीनदा उठबस करायला लावली. तिन्ही वेळा त्यांचा डावा हातच आधार शोधत होता. एका घरात राहून मला ते कधी दिसलं नव्हतं.

त्यानं डाव्या भिंतीवर खूण केली.

"माणूस बसताना पडत नाही, उठताना पडतो."

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"माझा बाप पडला तेव्हा दांडा उजवीकडं होता. मीच लावला होता, त्याला न विचारता."

दांडा पक्का झाल्यावर त्यानं तो डाव्या हातानं धरला, अंगाचा सगळा भार टाकला, आणि गरजेपेक्षा बराच जास्त वेळ सोडला नाही.