अनोळखी आवाजाचा रकाना

आमच्या पावर हाउसच्या बाजारात जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देणारा एक माणूस आहे. गिऱ्हाईक गाण्याचं नाव सांगायला लागलं की तो हात वर करतो. "नाव राहू द्या ताई. मांगं काय वाजून राहिलं, ते सांगा." हाती आलेल्या प्रत्येक रेकॉर्डिंगची नोंद तो डेटाबेसमध्ये करतो. पेटीची पट्टी, खोकला, कुकरची शिट्टी, स्टील प्लांटचा भोंगा, सगळं त्यात असतं.

सेक्टर दोनच्या गणपतीत बाबांनी म्हटलेल्या भजनाच्या कॅसेटवर मी शाळेत असताना रेडिओची गाणी भरली होती. बाबा गेले, आणि त्यांचा आवाज दुसरीकडे कुठेच नव्हता. कॅसेटवर सुरुवातीची पेटी आणि मागचा भोंगा तेवढा उरला होता. तीच घेऊन मी त्याच्याकडे गेले.

त्यानं तेवढंच डोळे मिटून चारदा ऐकलं. मग "क्वेरी मारतो" म्हणाला आणि तीच पट्टी, तोच भोंगा असलेल्या नोंदी शोधल्या. पडद्यावर तीन ओळी आल्या. दोन त्यानं ऐकून बाद केल्या. तिसरी जवळच्याच कोहका वस्तीतल्या एका काकूंची होती. त्याच मांडवात त्यांचाही टेप चालू होता. मला ऐकवण्याआधी त्यानं काकूंना फोन करून परवानगी घेतली. तेवढ्या उशिराचाही मला तेव्हा राग आला होता.

काकूंच्या टेपवर बाबा शेवटपर्यंत गायले.

त्या नोंदीत गायकाच्या रकान्यात 'अनोळखी' असं होतं. त्यानं ते खोडलं आणि कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. "तुमीच लिवा."

मी लिहिलं. त्यानं बाबांचं नाव एकदा मोठ्यानं वाचलं, मगच सेव्ह केलं.