सयाजीच्या पायातला वाळा

परातीत ज्वारीचं पीठ अर्धंच मळून झालं होतं, तोच पाण्याकडून हाक आली. "चांगुणावैनी, जाळी मांडल्यात, चला."

चांगुणानं पिठावर ओलं फडकं टाकलं. उंबऱ्याशी बसलेल्या सासूला, बजाबाईला, म्हणाली, "आत्याबाई, चुलीकडं ध्यान ठेवा." आणि देवळीतला चांदीचा वाळा पदरात बांधून उजनीच्या पाण्याकडं निघाली.

पावसाळ्यातले दोन महिने या गावची मासेमारी बंद असते. बंदी उठायच्या आदल्या दिवशी साती आसरांच्या, पाण्यातल्या देवींच्या, ठाण्यापुढं प्रत्येकाचं जाळं तपासलं जातं, आणि ते काम मच्छीमार संस्थेची अध्यक्षीण म्हणून चांगुणाचं.

पंधरा वर्षांपूर्वी हे काहीच नव्हतं. व्यापारी उचल द्यायचा, मासा त्याच्याच भावानं घ्यायचा, आणि माणसं पोटासाठी बारीक जाळ्यानं बोटाएवढी पिलंसुद्धा उपसायची. चिलापी मासळी संपत आली. तेव्हा बायकामाणसं कुर्डुवाडीच्या पतसंस्थेत होड्यांसाठी कर्ज मागायला गेली. साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "होडी तारण घेऊन मी काय करू, बाई? पाण्यात मासाच उरला नाही तर होडी कोरडीच की. पिलं सोडायचा नियम करा, तो पाळणाऱ्यांची यादी संस्थेनं द्या, त्या यादीवर कर्ज."

नियम झाला, पण माप ठरेना. पट्टीनं मोजावं तर कुणी जाळं ताणायचं, कुणी ढिलं सोडायचं, भांडणं व्हायची. शेवटी बजाबाईनं पेटीतून नातवाच्या, सयाजीच्या, बाळपणीचा पायातला वाळा काढला. "दोघांनी जाळ्याचा डोळा उघडून धरा, वर ह्यो आडवा ठेवा. बोट न लावता खाली पडला तर जाळं चांगलं. लेकराचा पाय जातोय, तितनं माशाचं लेकरूबी जाईल." आसरांपुढं शपथ झाली. सरकारी फलकाला न जुमानणारी माणसं त्या तोळाभर चांदीपुढं वाकली. चांगुणाला अजूनही याचा अचंबा वाटतो. व्यापाऱ्याची उचल सुटली, होड्या आल्या, आणि चौथ्या वर्षी पहाटे पाण्यावर चिलापीच्या पाठी चमकल्या तेव्हा तिनं काठावरच हात जोडले होते. देवीनं दिलं, हे खरंच. पण मागायची रीत माणसांनी शोधली होती.

आज शेवटचं जाळं तिच्या सयाजीचं होतं. वल्ही मारून त्याचा खांदा गेला होता. झोपेत कूस बदलताना तो कण्हतो, हे आईला ठाऊक. या यादीत नाव लागलं की इंजिनाची होडी येणार होती.

"आता बघू," महिपती म्हणाला. गेल्या साली त्याचं जाळं चांगुणानंच नापास केलं होतं, यंदाचं मघाशीच पास झालं होतं. "घरच्या जाळ्याला वाळा बारीक होतोय का काय."

"तुझ्या जिभेला लावून बघू का आधी?" चांगुणा म्हणाली. माणसं हसली.

तिनं वाळा ठेवला. तो पडेना. दुसऱ्या डोळ्यावर ठेवला, तिथंही गाठींवर अडून बसला.

"आई, नवं कोरं जाळं हाय," सयाजी म्हणाला. "दुकानातनं मोजूनच घेतलं की."

"मग केलंस काय?"

"आजीनं सांगितलं, बाभळीच्या सालीच्या उकळत्या पाण्यात बुडीव, जाळं टिकतंय. बुडीवलं."

चांगुणाला उमगलं. सुताच्या जाळ्यांची ती जुनी रीत. नायलॉन मात्र कढत पाण्यात आक्रसलं होतं. लबाडी नव्हतीच.

"जरा बोटानं टेक दे की," सयाजी हळूच म्हणाला. "केसाएवढंच आडतंय."

तिचं बोट वाळ्याजवळ गेलं. बेचाळीस नावांची यादी मांडीवर होती, आणि साहेब ती न तपासता घेत, कारण खाली तिची सही असे. तिनं बोट मागं घेतलं, पेन उचललं आणि सयाजीच्या नावावर रेघ मारली.

"पुढल्या साली," एवढंच म्हणाली.

सयाजीनं मान खाली घालून जाळं गुंडाळलं. महिपती उठून घराकडं गेला तेव्हा वाटलं, आता गावभर सांगत सुटणार. तो परतला तो खांद्यावर दुसरं जाळं घेऊन. ते कुणी कधी पाहिलं नव्हतं.

"हे लपवून ठेवलं हुतं, वैनी," त्यानं ते तिच्यापुढं टाकलं. "वाळा लावू नगा, मला म्हाईत हाय. तुमी घरच्याला सोडलं न्हाय, मग मी कुणापासनं झाकू?" आणि कमरेची सुरी काढून स्वतःच जाळं उभं फाडलं. मग सयाजीला म्हणाला, "खांदा बरा हुईस्तोवर माझ्या होडीत ये. वल्हं मी मारतो."

चांगुणानं वाळा पुन्हा पदरात बांधला. वाळा जाळ्यातून पडला नव्हता, पण कुठंतरी आत, खोल, काहीतरी पार झालं होतं.

घरी बजाबाईला कळलं तेव्हा तिचे डोळे भरले. "माझ्याच हातानं झालं की गं हे."

"वाळाबी तुमच्याच हातचा, आत्याबाई," चांगुणा म्हणाली आणि फडकं उचलून उरलेलं पीठ मळायला बसली.

भाकरी करून तिला दहाच्या एसटीनं कुर्डुवाडीला जायचं होतं, पतसंस्थेत एकेचाळीस नावांची यादी द्यायला.