दोन कोवाच आणि जातीचा रकाना

बारा मार्च. गच्चीवरच्या टाकीत उतरून मी शेवाळ खरवडत होते, तेव्हा ठाण्यातून निरोप आला. भाडेकरूंचा फॉर्म अपुरा आहे, आज सहाच्या आत पूर्ण करून द्या, नाहीतर उद्या दोघांना शहर सोडावं लागेल.

भाडेकरू दोन. एक हंगेरीचा, एक स्लोवाकियाचा. शहराबाहेरच्या लोखंडाच्या कारखान्यात भट्टी बसवायला आले होते. भट्टी अर्धी झालेली. ती तशीच टाकून परत गेले असते तर दोघांची नोकरी गेली असती. राज्य नुकतंच झालं होतं, आणि आमच्या समता कॉलनीत ज्याला त्याला भाडेकरू मिळत होते. फॉर्म मात्र जुनेच, 'मध्य प्रदेश' खोडून वर पेनाने 'छत्तीसगड' लिहिलेले.

दोघांना घेऊन ठाण्यात गेले. तिथला हवालदार गोंदियाकडचा निघाला.

"ताई, जातीचा रकाना रिकामा आहे."

"त्यांच्यात जात नसते."

"आडनाव आहे नं? मग जात आहे. विचारा."

दोघांचंही आडनाव कोवाच. अर्थ विचारला, तर हंगेरीवाल्याने एका मुठीवर दुसरी मूठ आपटून दाखवली. स्लोवाकने बरोबर तेच केलं.

"लोहार," हवालदार म्हणाला. "अन् दोघंही. मग भाऊच झाले. देश दोन काहून?"

हे सांगितलं आणि दोघं भांडायलाच लागले. स्लोवाक म्हणाला, शब्द मुळात आम्हा स्लाव लोकांचा, यांनी उचलला. हंगेरीवाला म्हणाला, उचलला असेल, पण शेकडो वर्षं आम्ही वापरतोय, आमच्या गावोगावी कोवाच आहेत. मग स्लोवाक बोटांवर मोजायला लागला. विणकर तो ताकाच, तोही आमच्याकडून नेला. पिंपं करणारा बोदनार, तोही आमचाच. गिरणीवालासुद्धा. हंगेरीवाला लाल झाला. त्यांच्या मोडक्या इंग्रजीचं मी मराठी करत होते आणि घड्याळ बघत होते.

हवालदाराने हात वर केला. "समजलं. माझा भाऊ भोपाळले राहिला, मी इकडे आलो. दोन राज्य झाले, आडनाव एकच. मले कोणी चोर नाही म्हटलं. दोघं एका समाजाचे आहेत. आता समाजातला एक इसम आणा, ओळखीची सही करायला."

"कोणत्या समाजातला?"

"लोहार समाजातला. लिहिलं नं मी आताच."

वाद घातला असता तर तास गेला असता. पंडरीच्या बाजारामागे विळे-खुरपी करणारा एक लोहार माझ्या ओळखीचा होता. दोघांना ऑटोत कोंबून तिकडे नेलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, हसला नाही. खोटी सही करणार नाही म्हणाला, आणि दोघांच्या हातात आळीपाळीने हातोडा दिला.

स्लोवाकने चार घावांत तापल्या पट्टीला टोक काढलं. हंगेरीवाला विजेचा इंजिनिअर. त्याचा पहिला घाव नुसत्या ऐरणीवर पडला. दुसऱ्या घावाला पट्टी उडून पाण्याच्या बादलीत गेली.

"दीदी, ये वाला तो है," लोहार म्हणाला. "वो वाला नहीं."

"त्याच्या आजोबांचे आजोबा असतील," मी हिंदीत म्हटलं.

"वो आएंगे तो साइन कर दूंगा."

साडेपाच झाले होते. हंगेरीवाला बादलीत बघत उभा होता. मी विचारलं, हा शिकला तर? लोहाराने जरा विचार केला. उद्यापासून आठ दिवस सकाळी भाता चालवायचा आणि शेवटी एक खुरपी स्वतः घडवायची, या अटीवर त्याने सही केली. एका नावापुढे 'लोहार' लिहिलं, दुसऱ्यापुढे 'सीख रहा है'.

हवालदाराने दोन्ही वाचलं. "शिकाऊले वेगळा रकाना नाही," म्हणाला आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी हंगेरीवाल्याचं दार वाजवलं, त्याला आमच्या ह्यांचा जुना शर्ट घालायला लावला आणि स्कूटरवर मागे बसवून लोहाराकडे नेलं. तो पळून येऊ नये म्हणून पहिली पट्टी लाल होईपर्यंत तिथेच उभी राहिले.