हाव, सांबारच हाय

अन्याय झाला तो अमरावतीच्या एसटी स्टँडामागं वडी-कढीचं दुकान चालवणाऱ्या काकूंवर. बुधवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता. कढी उतू जायच्या बेतात होती, काकूंची बोटं बेसनानं माखलेली होती, आणि दारात सरकारी जीप येऊन उभी राहिली. वेळ मी अंदाजानं सांगत नाही. त्या दिवशी कुणीतरी फोनवर काढलेल्या फितीत काकूंच्या डोक्यामागं भिंतीवरचं घड्याळ स्पष्ट दिसतं. आरोप असा की ही बाई मेळघाटातलं सांबर आणते, तळते आणि गिऱ्हाइकांना खाऊ घालते.

हा आरोप ज्या वाक्यातून निघाला ते वाक्य मी लिहिलं होतं.

इंटरनेटवर आमचा एक ग्रुप होता, अमरावती आणि अकोल्याच्या लोकांचा. नाव सांगत नाही, त्यात असाल तर ओळखालच. मी तेव्हा कॉलेज संपवून पत्रकं लिहीत, छापून आणत आणि चौकाचौकात वाटत फिरत होते. पाण्याच्या टाकीसाठी पत्रक, बंद पडलेल्या बससाठी पत्रक. शंभर वाटली की ऐंशी पायाखाली जायची, आणि मी ती उचलून पुन्हा वाटायची. मग हा ग्रुप सापडला आणि मला वेडच लागलं. बडनेरा रोड पुन्हा खणला, असं सकाळी लिहिलं की दुपारपर्यंत चाळीस माणसं तावातावानं भांडायला हजर. कोणाचा गिला वडा चांगला, कुठल्या थेटरातल्या खुर्च्या मोडल्या, अकोल्यात ऊन जास्त की अमरावतीत. यावरही भांडण, आणि दोन्ही शहरांना आपलंच ऊन जास्त हवं असायचं.

ती वर्षं कोणती ते वऱ्हाडाबाहेरच्यांनाही माहीत आहे. दर आठवड्याला शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या पाहणीला कुठलं तरी पथक यायचं, कॅमेरेवाले यायचे, भेगा पडलेल्या जमिनीचा फोटो घ्यायचे आणि निघून जायचे. बाहेरच्यांच्या लेखी वऱ्हाड म्हणजे दोनच गोष्टी, मरण आणि वाघ. त्या ग्रुपवर मात्र आम्ही जिवंत होतो. खात होतो, चिडत होतो, एकमेकांना टोमणे मारत होतो. अकोल्याचा एक पंखे-मिक्सर दुरुस्त करणारा दुकानदार तर रोज न चुकता मला डिवचायचा. ‘तुमच्या अमरावतीत कचोरी म्हंतेत तिले आमी अकोल्यात पुरी म्हनतो, ताई.’ मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं नाव दिसलं नाही तर दिवस अळणी जायचा.

तर त्या मंगळवारी मी काकूंकडे सांबारवडी खाल्ली. वऱ्हाडाबाहेरच्यांसाठी सांगते, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. हिवाळ्यात हिरवागार सांबार स्वस्त होतो, मग तो बारीक चिरून, खसखस-खोबऱ्याबरोबर परतून, बेसनाच्या पारीत गुंडाळून तळायचा आणि वर आंबट कढी. काकूंचा सांबार मेळघाटातल्या धारणीहून यायचा. भाजीबाजारातले एक चाचा तो एसटीच्या टपावरून मागवायचे, कारण त्यांच्या म्हणण्याप्रमाणे तिकडच्या सांबाराचा वास अर्धा बाजार ओलांडून येतो. मी खाल्ली, हात पुसला आणि तिथंच बाकड्यावर बसून लिहिलं, की धारणीचा ताजा सांबार आज सकाळीच आला, काकूंनी काय तळला आहे, संपायच्या आत जा.

चूक झाली ती इथं. माझ्या फोनवर मराठी अक्षरं नव्हती, आम्ही सगळेच इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचो. एस, ए, एम, बी, ए, आर. सहा अक्षरं. त्यात काना कुठं आहे हे कोणी सांगावं?

ग्रुपवर पुण्याचा एक गृहस्थ होता. दर वर्षी मेळघाटात वाघ बघायला यायचा, म्हणून आमच्यात सामील झालेला. त्यानं धारणी वाचलं, ताजा वाचलं, तळला वाचलं, आणि त्याच्या डोळ्यांसमोर शिंगं उभी राहिली. ‘ताजा’ लिहिलंय, ‘ताजं’ नाही, एवढा तरी विचार करावा; पण आमचं व्याकरण तसंही चुकतंच, असं धरून तो चालत असणार. त्यानं वेगळी पोस्ट टाकली. शुद्ध, गंभीर मराठीत. मेळघाटातील संरक्षित वन्यप्राण्याचे मांस अमरावतीत उघडपणे विकले जात आहे, आणि स्थानिकांना त्याचा अभिमान वाटतो, हे अधिक भयंकर आहे.

त्याचा मला राग नाही. म्हणजे आहे, पण थोडा. खरा राग आमच्या लोकांचा आहे. लहानपणापासून आईच्या हातची सांबारवडी खाल्लेल्या पोरापोरींनी ती पोस्ट पुढं ढकलली. ‘लाज वाटते मी अमरावतीची आहे’ असं लिहिणारी माझ्याच वर्गातली होती. तिच्या घरी मी सांबारवडी खाल्ली आहे. पण नोकरीसाठी बाहेर गेल्यावर तिनं कोथिंबीर म्हणायला सुरुवात केली होती, आणि जो शब्द तोंडातून हाकलला तो डोळ्यांना दिसला तरी ओळखू येईना. दुसऱ्याला काय बोलू, माझ्या पत्रकांमध्येही मी कधी सांबार लिहिलं नाही. छापायचं म्हटलं की मीसुद्धा कोथिंबीरच लिहायची.

मी त्या पोस्टखाली लगेच खुलासा लिहिला. तो सत्तराव्या ओळीत गेला. तिथपर्यंत कोण उतरतं?

बुधवारी जीप आली. जंगल खात्याचे साहेब बाहेरून बदलून आलेले होते, बरोबर दोन गार्ड, आणि मागं ग्रुपवर वाचून आलेले पाचसहा पोट्टे, फोन वर धरून. साहेबांनी दारातून विचारलं, "बाई, इथं सांबर विकता?"

काकूंनी बेसनाचा हात झटकला. "हाव, सांबारच हाय. आज सकाळीच आला धारणीहून. पायजे का?"

साहेब थक्क. "म्हणजे तुम्ही कबूल करता?"

"कबूल काय करायचं त्यात? रोजच येते. काल तं दोन पोते आला होता."

फीत इथं संपते. सत्तावीस सेकंद.

पुढं काय झालं ते फितीत नाही, म्हणून इथं सांगते. एक गार्ड स्थानिक होता, तो तोंडाला रुमाल लावून हसायला लागला. साहेबांनी पोतं उघडायला लावलं. कोथिंबिरीच्या जुड्या, मुळांना धारणीची माती. गार्ड म्हणाला, "साहेब, आमच्याकडं यालेच सांबार म्हनतेत." साहेब चांगले होते. हसले, एका वडीचे दोन तुकडे करून खाल्ले, वर आणखी एक मागितली आणि गेले. पण फोनवाल्या पोट्ट्यांना हसणाऱ्या साहेबाचं काय करायचं होतं? त्यांना हवं ते मिळालं होतं. दुपारी फीत ग्रुपवर, संध्याकाळी प्रत्येकाच्या फोनवर. वर लिहिलेलं, ‘आरोपी महिलेची कबुली’.

गुरुवारी दुकानासमोरून लोक दुसऱ्या फुटपाथनं जायला लागले. हॉस्टेलच्या पोरी रोज डबे न्यायच्या, त्यांनी निरोपही न देता येणं थांबवलं. शुक्रवारी गाळ्याचा मालक येऊन म्हणाला की माझ्या जागेत भानगड नको, सोमवारी सकाळी मला गाळा रिकामा पाहिजे. अकरा वर्षं काकू तिथं वडी तळत होत्या. नवरा गेल्यावर सुरू केलं होतं दुकान, आणि दुसरं काही सुरू करायचं वय आता उरलं नव्हतं.

हे मला चाचांनी सांगितलं. मी तशीच सायकल काढली. वाटेत मनात एक भलंमोठं पत्रक लिहून झालं होतं. काकू रिकाम्या बाकड्यावर सांबार निवडत बसल्या होत्या. मी म्हटलं, "काकू, ते मी लिहिलं होतं."

त्यांनी वर पाहिलं. "तू लिवलं?"

"चांगलंच लिहिलं होतं हो. पण इंग्रजी अक्षरात—"

"इंग्रजीत कावून लिवलं वं पोरी? वडी मराठीत खाल्ली ना?"

 त्यांनी एक जुडी माझ्या पुढ्यात सरकवली, म्हणजे बसून निवड. मी निवडायला लागले. थोड्या वेळानं म्हणाल्या, "लिवलेलं पुसता येते का आता?"

"माझं येतं. लोकांनी पुढं पाठवलेलं नाही येत."

"मंग लिवू नको काई. मानसं आन."

एवढंच. मी वर्षानुवर्षं कागद वाटत होते, आणि ह्या बाईनं दोन शब्दांत मला काम दिलं. मानसं आन.

मला त्या संध्याकाळी जो चेव चढला होता तो अजून आठवतो. मी ग्रुपवर एकच ओळ लिहिली, या वेळी मैत्रिणीच्या फोनवरून, देवनागरीत: ज्यांनी काकूंना शिकारी म्हटलं त्यांनी रविवारी अकरा वाजता दुकानात येऊन शिंगं दाखवावीत. खाली पहिलं उत्तर अकोल्याहून. ‘अमरावतीची सांबारवडी खायले कोन येते? आमी येतो, आनि आमची कशी चांगली ते सांगतो. किती लोकं आनू?’ मी लिहिलं, जितके तुमच्या कचोरीला कंटाळले असतील तितके. त्यावर तो म्हणाला, मग एक पुरत नाही, दोन बसा लागतील.

दोन बसा नाही आल्या. पण रविवारी सकाळच्या अकोला गाडीतून एकोणीस माणसं उतरली. त्यांच्या पुढं एक बुटका, टक्कल पडलेला, घामानं डबडबलेला माणूस. मी त्याला कॉलेजातला पोरगा समजत होते. तो मला पाहून म्हणाला, "ताई, तुमी तं लई लहान आहा. भांडता तं आजीवानी."

चाचा हातगाडी घेऊन आले होते. गाडीवर हिरवा डोंगर. ते गल्लीत शिरतानाच ओरडायला लागले, "सांबार, सांबार, धारणी का सांबार. देख लो भाई, सींग निकाल के लाया हूँ." गल्लीतली पोरं मागं धावायला लागली. एक आजी गॅलरीतून म्हणाल्या, "चाचा, याची पिल्लं कितीले देली?" चाचा म्हणाले, "माजी, पिल्लं अजून दूध पीत आहेत." लोक घराबाहेर यायला लागले. हॉस्टेलच्या पोरी आधी कोपऱ्यावर घुटमळल्या, मग एक आली, मग सगळ्या. जीपवाला गार्डही सुट्टीच्या कपड्यांत, बायकोला घेऊन आला. त्यानं बाकड्यावर उभं राहून साहेबानं वडी कशी मोडली, कशी खाल्ली, कढी मिशीला कशी लागली, ते सगळं करून दाखवलं. अकोल्याच्या दुकानदारानं ते पूर्ण फोनमध्ये घेतलं. सत्तावीस सेकंदांत नाही, पावणेपाच मिनिटं.

काकू कढईवर होत्या. घाणा काढायचा, सोडायचा. एकदाच मला म्हणाल्या, "पोरी, पान वाढ, उभी कावून?" मी वाढायला लागले. माझ्या वर्गातली ती, लाज वाटणारी, तीही आली होती, सुट्टीवर आलेली. मान खाली घालून खात होती. मी तिच्या पानात वडी टाकताना विचारलं, "हे काय आहे?" ती म्हणाली, "कोथिं—" आणि थांबली. मग म्हणाली, "सांबार." मी तिला दुसरी वाढली.

गाळ्याचा मालक बाराला आला. दारात गर्दी बघून आधी चिडला, मग कोणीतरी त्याच्या हातात पान दिलं. दोन वड्या खाऊन झाल्यावर तो काकूंना म्हणाला, "बघू." सोमवारी तो आला नाही. नंतरच्या सोमवारीही नाही. दुकान चालू आहे. पुण्याच्या गृहस्थानं पोस्ट काढून टाकली. माफी नाही, खुलासा नाही, नुसती काढली. अकोलेकर मात्र जाता जाता ग्रुपवर लिहून गेला की वडी ठीक होती, कढीत मीठ कमी होतं. त्यावर तीन दिवस भांडण चाललं, आणि मी इतकी खुश होते की सांगता येत नाही.

पण आमची पावणेपाच मिनिटांची फीत अमरावती-अकोल्याच्या पलीकडे गेली नाही. ती सत्तावीस सेकंदांची मात्र अजून फिरते आहे. परवा वरूडहून संत्र्याची गाडी घेऊन आलेला एक व्यापारी दुकानात बसला, इकडं-तिकडं पाहिलं आणि काकूंना हळूच म्हणाला, "ते वालं भेटन का?" काकूंनी विचारलं, कोणतं वालं? त्यानं खिशातून फोन काढला आणि त्यांना त्यांचाच चेहरा दाखवला. त्याच्या भाच्यानं त्याच आठवड्यात पाठवला होता. काकूंनी फोन परत दिला आणि त्या बेसन कालवायला वळल्या. बेसनात मीठ दोनदा पडलं. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा झालं.

म्हणून हे तुमच्यासाठी. बेसनाच्या हातांची बाई, मागं घड्याळ, सव्वाअकरा. ती फीत तुमच्या फोनमध्ये असेल तर शोधा. लगेच पुसू नका. आधी कोणाकोणाला पाठवली ती नावं बघा. एकेकाला फोन लावा आणि आपल्या तोंडानं सांगा, की ती कोथिंबीर होती, वऱ्हाडात तिला सांबार म्हणतात, आणि मी न बघता पाठवलं. सगळ्यांना सांगून झालं की मग पुसा. टाइप करू नका. फोन लावा. आत्ता लावा.